यशवंतराव चव्हाण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१२ मार्च आणि २५ नोव्हेंबर जवळ आले की यशवंतरावांविषयीचे तेच ते प्रश्न येऊ लागतात. काही शाळेतल्या भाषणासाठी असतात, काही स्पर्धा परीक्षेच्या तयारीतले, तर काही सरळसरळ कट्ट्यावरच्या वादातून आलेले. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर वेगळं वाचता येईल, आणि एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. यशवंतराव चव्हाण कोण होते? दोन-चार ओळींत सांगा.

यशवंतराव बळवंतराव चव्हाण (१२ मार्च १९१३ ते २५ नोव्हेंबर १९८४) हे महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री. नोव्हेंबर १९६२ मध्ये ते दिल्लीला गेले. तिथे त्यांनी क्रमाने संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही चारही मोठी खाती सांभाळली, पुढे लोकसभेत विरोधी पक्षनेतेपद भूषवलं आणि १९७९ मध्ये ते उपपंतप्रधान झाले. तुटेपर्यंत ताणायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. महाराष्ट्रात त्यांना मिळालेलं यश आणि दिल्लीत झालेली त्यांची कोंडी, दोन्हींच्या मुळाशी हा एकच स्वभाव आहे असं माझं मत आहे. खालची बरीच उत्तरं फिरून तिथेच येतात.

२. जन्म देवराष्ट्र्याचा, मग ते कराडचे कसे? आणि जिल्हा सातारा लिहायचा की सांगली?

देवराष्ट्रे हे त्यांचं आजोळ. घराणं मूळचं विट्याकडचं. वडील बळवंतराव कराडच्या कोर्टात बेलिफ होते आणि यशवंतराव लहान असतानाच प्लेगात गेले. आई विठाई, मोठे भाऊ ज्ञानोबा आणि गणपतराव यांच्या आधारावर घर चाललं. लिहिता-वाचता न येणारी विठाई मुलांना धीर देताना म्हणायची, ‘नका बाळांनो डगमगू, चंद्र-सूर्यावरील जाईल ढगू’. ही ओवी यशवंतराव जन्मभर सांगत राहिले. वाढले आणि शिकले ते कराडात, म्हणून कराडचे.

जिल्ह्याचा घोळ मात्र खरा आहे. जन्माच्या वेळी देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे ‘तेव्हाचा सातारा, आताचा सांगली’ असं लिहिलं की कुणाला बोट ठेवायला जागा राहत नाही.

३. शिक्षण किती झालं होतं?

कराडचं टिळक हायस्कूल, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ मध्ये बी.ए. आणि पुण्यातून १९४१ मध्ये एलएल.बी. मधली वर्षं मोजली तर मॅट्रिकला उशीर झालेला दिसतो. त्याचं कारण तुरुंग. कायदेभंगाच्या चळवळीत झेंडा लावला म्हणून १९३२ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. येरवडा आणि विसापूरच्या तुरुंगात मोठमोठ्या माणसांची संगत लाभली आणि वाचनाचं वेड लागलं. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा प्रभाव त्याच काळातला. पुढे दुसऱ्या महायुद्धात काय भूमिका घ्यायची यावरून ते रॉयवाद्यांपासून दूर झाले, पण तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींशी जुळलेला स्नेह कायम राहिला.

शाळेतला एक किस्सा हमखास सांगितला जातो. पुढे कोण होणार, असं मुख्याध्यापकांनी मुलांना लिहायला सांगितलं. कुणी टिळक लिहिलं, कुणी आणखी कुणी. या मुलाने लिहिलं, ‘मी यशवंतराव चव्हाण होणार’. किस्सा भाषणात चांगला चालतो. फक्त त्यावरच भाषण संपवू नका.

४. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी प्रत्यक्ष काय केलं? पत्री सरकारात ते होते का?

ऑगस्ट १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. त्यांच्या आखणीत भूमिगत यशवंतराव आघाडीवर होते. कचेरीवर शांतपणे जायचं, तिरंगा लावायचा आणि परतायचं, असा बेत असे. वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं गेली. पुढे १९४३ मध्ये आजारी पत्नीला भेटायला ते फलटणला गेले आणि पकडले गेले.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या पत्री सरकारचा, खरा भर त्यानंतरचा. त्यामुळे यशवंतरावांना ‘पत्री सरकारचे नेते’ म्हणणं बरोबर नाही. ते त्याच चळवळीच्या पहिल्या टप्प्यातले पुढारी होते, एवढंच नेमकं म्हणता येतं.

५. वेणूताईंबद्दल फारसं कुठे वाचायला मिळत नाही. त्या कोण?

फलटणच्या मोरे घराण्यातल्या. लग्न २ जून १९४२ चं, म्हणजे ‘छोडो भारत’च्या दोन महिने आधीचं. नवरा भूमिगत झाला आणि सासरी नीट रुळायच्या आतच पोलिसांनी वेणूताईंना अटक केली. लग्नानंतरची पहिली संक्रांत त्यांनी कोठडीत काढली. तब्येत तेव्हापासून जी खालावली ती पुढे पूर्ण सुधारली नाही. मूलबाळ नव्हतं. १ जून १९८३ रोजी त्या गेल्या, आणि त्यानंतरचं जेमतेम दीड वर्ष यशवंतरावांनी कसंबसं ढकललं, असं जवळची मंडळी सांगत. कराडला त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं ते यशवंतरावांनी स्वतः.

६. ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, मग १९५६ पासून मुख्यमंत्री होते असं कसं म्हणतात?

दोन्ही खरं आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी आणि गुजराती भाषक प्रदेशांचं मोठं द्विभाषिक मुंबई राज्य झालं. त्यात विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छही होते. मोरारजी देसाई बाजूला झाले, काँग्रेस विधिमंडळ पक्षात भाऊसाहेब हिरे यांच्याशी निवडणूक झाली आणि ती जिंकून यशवंतराव मुख्यमंत्री झाले. तेव्हा वय ४३. हे राज्य मोडून १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात झाले, तेव्हा महाराष्ट्राची धुरा त्यांच्याकडेच आली.

त्याआधीची पायरीही लक्षात ठेवा: १९४६ मध्ये पहिल्यांदा आमदार, मग गृहखात्याचे संसदीय चिटणीस, आणि १९५२ पासून मोरारजींच्या मंत्रिमंडळात पुरवठा वगैरे खात्यांचे मंत्री.

७. संयुक्त महाराष्ट्राला यशवंतरावांचा विरोध होता ना? मग मंगल कलश त्यांनी आणला असं का म्हणायचं?

सगळ्यात जास्त भांडण होतं ते याच प्रश्नावर, म्हणून जरा सावकाश.

मागणीला विरोध नव्हता, मार्गाला होता. मराठी भाषकांचं मुंबईसह राज्य व्हावं असंच त्यांचंही म्हणणं होतं. पण काँग्रेस सोडून, राजीनामे देऊन, रस्त्यावर उतरून ते मिळवायला ते तयार नव्हते. १९५५ च्या अखेरीस फलटणला त्यांनी जाहीर केलं की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांच्यात निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूने उभे राहू. हे वाक्य त्यांना फार महाग पडलं. आचार्य अत्र्यांच्या लेखणीने त्यांची जी सालटी काढली, ती जुने अंक चाळताना आजही जाणवते. मुंबईत नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये गोळीबार झाले, माणसं मेली, आणि त्या सरकारात यशवंतराव मंत्री होते. याचा हिशोब त्यांच्या खात्यावरून पुसता येत नाही, आणि पुसायचा प्रयत्न त्यांच्या चाहत्यांनी करूही नये.

१९५७ च्या निवडणुकीत लोकांनी उत्तर दिलं. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने (राज्यासाठी लढणाऱ्या विरोधी पक्षांच्या आघाडीने) काँग्रेसला झोपवलं. साताऱ्यातून नाना पाटील लोकसभेवर गेले. खुद्द मुख्यमंत्री कराडमधून अगदी थोडक्या मतांनी तरले, आणि राज्यात बहुमत राहिलं ते मुख्यतः गुजरात आणि विदर्भाच्या जिवावर.

त्यानंतरचा प्रसंग प्रतापगडचा. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले. समितीने काळ्या निशाणांची निदर्शनं जाहीर केली. वाईपासून वर घाटात रस्त्याच्या कडेला हजारो माणसं उभी राहिली. सरकारने लाठ्या चालवल्या नाहीत, समितीने दगड मारला नाही. नेहरूंनी जे पाहायचं ते गाडीतून पाहिलं. अहवाल आणि शिष्टमंडळांनी जे झालं नसतं, ते त्या रस्त्याने केलं असं पुष्कळांना वाटतं, आणि मलाही.

पुढे दिल्लीला ‘द्विभाषिक चालवून पाहिलं, लोकांना नको आहे’ हे आतून पटवायचं काम यशवंतरावांनी केलं. समितीने बाहेरून दार ठोठावलं नसतं तर त्यांच्या सांगण्याला वजन आलं नसतं. आणि आत कुणी कडी काढणारा नसता तर ठोठावणं किती वर्षं चाललं असतं, कोण जाणे. कलश एकट्याने आणला म्हणणारे आणि यशवंतरावांनी फक्त आयत्या वेळी हात लावला म्हणणारे, दोघेही अर्धंच सांगतात.

८. मुख्यमंत्री म्हणून त्यांनी नेमकं केलं काय? यादी नको, महत्त्वाचं सांगा.

महत्त्वाचं म्हणाल तर जिल्हा परिषदा. ग्रामीण महाराष्ट्रात सत्ता ज्या वाटेने खाली उतरली ती वाट त्यांनी घातली. पंचायत राज्याविषयीच्या बलवंतराय मेहता समितीच्या शिफारशी देशभर लागू होत होत्या. बहुतेक राज्यांनी तालुका किंवा गट पातळीवर भर दिला. महाराष्ट्राने वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली स्वतःची समिती नेमली आणि खरी ताकद जिल्ह्याला दिली. कायदा १९६१ चा, अंमल १ मे १९६२ पासून. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत पदसिद्ध सदस्य केलं नाही, हा त्यातला सगळ्यात हुशार भाग. त्यामुळे गावातून वर येणाऱ्या नव्या माणसाला स्वतःचं मैदान मिळालं. पुढची तीन-चार दशकं महाराष्ट्रातले आमदार आणि मंत्री झेडपीच्या शाळेतून घडले म्हणतात ते यामुळे. याच शाळेतून घराणीही घडली, ही दुसरी बाजू.

शिक्षणात, वार्षिक बाराशे रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना फी माफ करणारी ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलत. ती जातीवर नव्हे तर उत्पन्नावर होती. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कुणाही खेड्यातल्या पदवीधराला विचारा, ‘ईबीसीवर शिकलो’ हे वाक्य ऐकायला मिळेल. औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं.

महार वतनं, म्हणजे गावकीच्या कामाला बांधून ठेवणारी वंशपरंपरागत वतनं, रद्द करणारा कायदा १९५८ चा. डॉ. आंबेडकरांनी ज्यासाठी तीस वर्षं झगडा केला ते काम त्यांच्या निधनानंतर झालं. धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्यांच्या सवलती राज्यात चालू ठेवण्याचा निर्णयही यशवंतरावांचाच.

बाकी भराभर: कमाल जमीनधारणा कायदा १९६१, सहकार कायदा १९६०, एमआयडीसी १९६२, साताऱ्याची सैनिक शाळा १९६१, आणि तर्कतीर्थांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ. विश्वकोशाचं काम त्यातूनच निघालं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेही याच कारकिर्दीत. पुण्याच्या त्या प्रलयाची जबाबदारी कुणाची, हा वाद पुढे बराच चिघळला.

९. ‘बेरजेचं राजकारण’ म्हणजे काय? ही पक्षफोडीच होती ना?

विरोधी पक्षातल्या चांगल्या माणसांना काँग्रेसमध्ये आणून जबाबदारी द्यायची, याला तेव्हा बेरीज म्हणत. शेतकरी कामगार पक्षातली कितीतरी मंडळी अशी आली. १९६७ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या रिपब्लिकन गटाशी झालेला समझोताही याच हिशोबातला. फायदा असा की १९५७ ला दुभंगलेला ग्रामीण समाज एका छपराखाली आला आणि नव्या राज्याला स्थैर्य मिळालं. तोटा असा की विरोधी पक्ष खिळखिळे झाले आणि काँग्रेसच्या पोटातच सगळी भांडणं होऊ लागली. पक्षफोड म्हणायची तर म्हणा, पण आजच्यासारखे रिसॉर्ट आणि रातोरात शपथविधी त्यात नव्हते. आणि गंमत पाहा, पक्षांतरावर देशात पहिल्यांदा समिती बसली ती यांच्याच अध्यक्षतेखाली (प्रश्न १२).

१०. ‘हे राज्य मराठी की मराठा’ हा सवाल कुणी केला होता?

नागपूरचे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर यांनी, राज्यस्थापनेच्या सुमारास. राज्य मराठी माणसांचं असेल, असं उत्तर यशवंतरावांनी दिलं. मनापासून दिलं असावं, कारण त्यांच्यामागून दोन मुख्यमंत्री, मारोतराव कन्नमवार आणि वसंतराव नाईक, विदर्भातले आणि मराठेतर होते. पण सहकार, कारखाने, जिल्हा बँका आणि झेडपी या साखळीतली सत्ता प्रत्यक्षात कुणाकडे एकवटली, हे पाहिलं तर माडखोलकरांचा प्रश्न अगदीच निकालात निघाला असं म्हणवत नाही.

११. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे कशावरून म्हणतात?

१९६२ च्या चीन युद्धात पराभव झाल्यावर व्ही. के. कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं. नेहरूंनी त्या जागी यशवंतरावांना बोलावलं. २१ नोव्हेंबरला त्यांनी सूत्रं घेतली, नेमकी त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. तेव्हा ‘सह्याद्री धावला आणि चीन थांबला’ असा अर्थ लावू नका, तो योगायोग आहे. खरं काम नंतरचं: खचलेल्या सैन्याला सावरणं, सेनापती आणि मंत्री यांच्यातला अविश्वास घालवणं, फौजेची वाढ आणि शस्त्रास्त्रांची पाच वर्षांची योजना. पराभवाच्या चौकशीचा जो गोपनीय अहवाल हेंडरसन ब्रुक्स यांच्या नावाने ओळखला जातो, त्यातलं सांगता येण्याजोगं तेवढं सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनीच संसदेत सांगितलं.

याचं फळ १९६५ ला दिसलं. १ सप्टेंबरला पाकिस्तानचे रणगाडे छांब भागात घुसले. लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग मंत्र्यांकडे आले आणि विमानं वापरायची परवानगी मागितली. १९६२ मध्ये लढाऊ विमानं वापरायची की नाही यावर सरकार कचरलं होतं आणि ती वापरलीच नव्हती. इथे यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला, मंत्रिमंडळाची बैठक बोलवत बसले नाहीत. संध्याकाळ व्हायच्या आत पठाणकोटहून विमानं उडाली. एरवी सावध, तोलून बोलणारा माणूस, पण हा निर्णय त्यांनी क्षणात घेतला. पुढे ताश्कंदला शास्त्रीजींबरोबर जे शिष्टमंडळ गेलं, त्यातही ते होते.

१२. गृहमंत्री म्हणून त्यांचं काम का आठवायचं?

नोव्हेंबर १९६६ ते जून १९७० हा काळ. दिल्लीत गोहत्याबंदीच्या मोर्चाला हिंसक वळण लागलं, गुलझारीलाल नंदा गेले आणि गृहखातं यशवंतरावांकडे आलं. १९६७ च्या निवडणुकीनंतर आमदारांनी रंग बदलायचा सपाटा लावला, तेव्हा लोकसभेच्या ठरावावरून पक्षांतरावर समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष तेच. समितीचा अहवाल १९६९ चा, प्रत्यक्ष कायदा यायला १९८५ उजाडलं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर. हिंदीबरोबर इंग्रजीही चालू ठेवणारी १९६७ ची राजभाषा दुरुस्ती, संस्थानिकांच्या तनख्यांबाबतच्या वाटाघाटी (तनखे बंद झाले १९७१ मध्ये) आणि आज ज्याची नेहमी चर्चा होते तो १९६७ चा यूएपीए (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा), हे सगळं त्यांच्या काळातलं. गोव्याचा जनमतकौल झाला (१६ जानेवारी १९६७) तेव्हाही गृहमंत्री तेच. गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला आणि तो मान्य केला गेला.

१३. मग बेळगावचा प्रश्न गृहमंत्री असताना का सोडवला नाही?

सीमाभागातल्या वाचकांचा हा प्रश्न दरवर्षी येतो आणि त्यातला राग समजण्यासारखा आहे. सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला तो ऑक्टोबर १९६६ मध्ये, म्हणजे ते गृहखात्यात येण्याआधी. अहवाल ऑगस्ट १९६७ चा. आयोगाने २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला सुचवली, पण बेळगाव कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. आयोग आपणच मागितला होता, त्यामुळे पंचाईत झाली. मराठी गृहमंत्र्याने तो फिरवला असता तर पक्षपात म्हटलं गेलं असतं आणि राबवला असता तर घरचे तुटून पडले असते. त्यांनी दोन्ही केलं नाही. घोंगडं भिजत राहिलं, आणि त्यात त्यांचाही वाटा आहे.

१४. अर्थमंत्री आणि परराष्ट्रमंत्री म्हणून?

अर्थखातं जून १९७० ते ऑक्टोबर १९७४. बांगलादेश युद्ध, निर्वासितांचा भार, १९७२ चा दुष्काळ आणि १९७३ मधली तेलाची दरवाढ, अशी एकामागून एक संकटं त्यांच्या वाट्याला आली. फेब्रुवारी १९७३ चा त्यांचा अर्थसंकल्प ५५० कोटींच्या तुटीमुळे ‘काळा अर्थसंकल्प’ म्हणून ओळखला जातो. सर्वसाधारण विम्याचं आणि कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण याच काळातलं. परराष्ट्र खातं मार्च १९७७ पर्यंत. १९७६ मध्ये चीनशी राजदूत पातळीवरचे संबंध पुन्हा सुरू झाले, के. आर. नारायणन राजदूत म्हणून गेले. धोरण इंदिराबाईंचं, पण ज्याने चीनच्या पराभवानंतर संरक्षण खातं घेतलं त्याच्याच हातून हे व्हावं, हे विशेष.

१५. त्यांना ‘कुंपणावरचे’ का म्हणत?

१९६९ मुळे. राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेस संसदीय मंडळात मतदान झालं तेव्हा यशवंतरावांनी इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध नीलम संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिलं. रेड्डी हरले, व्ही. व्ही. गिरी जिंकले, पक्ष फुटला, आणि फुटीच्या वेळी यशवंतराव इंदिराबाईंकडे राहिले. रेड्डींना दिलेलं मत इंदिराबाई विसरल्या नाहीत. सिंडिकेटवाल्यांनीही, म्हणजे इंदिराबाईंच्या विरोधातल्या पक्षातल्या जुन्या बड्या नेत्यांनीही, माफ केलं नाही. पुढच्याच वर्षी गृहखातं त्यांच्याकडून गेलं.

१६. आणीबाणीत त्यांनी काय केलं?

मंत्रिमंडळात राहिले. २६ जून १९७५ च्या पहाटे मंत्र्यांना बोलावून निर्णय सांगण्यात आला, त्यात तेही होते. जाहीर विरोध केला नाही. त्याच डिसेंबरात कराडला साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष यशवंतराव, अध्यक्ष दुर्गा भागवत. दुर्गाबाईंनी व्यासपीठावरून आणीबाणीचा निषेध केला आणि आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. केंद्रीय मंत्र्याच्या गावात, त्याच्याच मांडवात. यशवंतरावांनी त्यात अडथळा आणला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगतात. मला विचाराल तर त्या दिवशी ज्यांना बोलायचं होतं त्या बोलल्या आणि ज्यांनी बोलायला हवं होतं ते गप्प बसले.

१७. १९७८ ला शरद पवारांनी वसंतदादांचं सरकार पाडलं, त्याला यशवंतरावांचा आशीर्वाद होता का?

ठामपणे ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पक्कं एवढंच: पवार हे त्यांचे मानसपुत्र म्हणून ओळखले जात. १९६७ ला बारामतीचं तिकीट मिळालं त्यामागे यशवंतरावांचा पाठिंबा होता. जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस पुन्हा फुटली तेव्हा यशवंतराव आणि वसंतदादा दोघेही रेड्डी काँग्रेसमध्ये, म्हणजे इंदिराबाईंना सोडून राहिलेल्या ब्रह्मानंद रेड्डींच्या गटात, होते. राज्यात इंदिरा काँग्रेसबरोबरचं वसंतदादांचं संयुक्त सरकार रखडत चाललं होतं. जुलैत पवार बाहेर पडले आणि १८ जुलैला पुलोदचे (पुरोगामी लोकशाही दलाचे) मुख्यमंत्री झाले. यशवंतरावांनी त्यांना रोखलं नाही हे दिसतं. ढकललं का, हे नाही दिसत.

१८. ते पंतप्रधान का झाले नाहीत?

संधी खरी एकदाच समोर आली. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव आणला. जनता पक्ष फुटला आणि मोरारजींनी १५ जुलैला राजीनामा दिला. राष्ट्रपती होते तेच नीलम संजीव रेड्डी (प्रश्न १५). त्यांनी सरकार बनवण्यासाठी पहिल्यांदा यशवंतरावांना विचारलं. आकडे जुळले नाहीत, त्यांनी तसं कळवलं. मग चरणसिंग पंतप्रधान आणि यशवंतराव उपपंतप्रधान व गृहमंत्री झाले. त्या सरकारला लोकसभेला सामोरं जाण्याआधीच ऑगस्टमध्ये राजीनामा द्यावा लागला आणि पुढे काळजीवाहू म्हणून जानेवारी १९८० पर्यंत ते चाललं.

१९६६ (शास्त्रीजींच्या निधनानंतर) आणि १९६९ (पक्षफुटीत) या दोन्ही वेळी डाव खेळता आला असता असं त्यांचे समर्थक म्हणतात. पण डाव खेळायला सगळं पणाला लावायची तयारी लागते, आणि त्यांची सगळी राजकीय शिकवण घर न मोडता चालवण्याची होती. शिवाय उत्तरेत स्वतःची फौज नव्हती, हे साधं कारणही आहेच.

१९. शेवटी ते पुन्हा इंदिरा काँग्रेसमध्ये गेले, हे खरं का?

खरं. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातून अर्स काँग्रेसचे (रेड्डी काँग्रेसचं देवराज अर्स यांच्या नेतृत्वाखालचं पुढचं रूप) ते एकटेच निवडून आले. नंतर परतायचं ठरवलं, तर प्रवेशासाठी बरेच महिने ताटकळत ठेवलं गेलं. ज्या पक्षात पन्नास वर्षं घालवली त्याच्या दारात असं उभं राहावं लागणं, त्यांच्या विरोधकांनाही बरं वाटलं नाही. १९८२ मध्ये आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं, त्याचा अहवाल १९८४ मध्ये दिला. त्याच नोव्हेंबरात दिल्लीत निधन झालं.

२०. पृथ्वीराज चव्हाण, शंकरराव चव्हाण हे त्यांचे नातेवाईक का?

नाही. कराडचं दुसरं चव्हाण कुटुंब म्हणजे आनंदराव ऊर्फ दाजीसाहेब आणि प्रेमलाकाकी यांचं. पृथ्वीराज हे त्यांचे चिरंजीव. गाव एक, आडनाव एक, नातं नाही. शंकरराव मराठवाड्याचे, नांदेडच्या राजकारणातले. तेही मुख्यमंत्री आणि केंद्रात गृह, संरक्षण, अर्थ अशा खात्यांवर राहिल्यामुळे परीक्षेत हमखास अदलाबदल होते. सन पाहा: १९७९ पर्यंतचे केंद्रीय गृह, संरक्षण किंवा अर्थमंत्री ‘चव्हाण’ म्हणजे यशवंतराव. १९८० नंतरचे म्हणजे शंकरराव.

२१. त्यांचं आत्मचरित्र अपुरं आहे का? आणि कराडला गेलो तर काय पाहायचं?

‘कृष्णाकाठ’ १९४६ पर्यंत येऊन थांबतं. पुढचे ‘सागरतळ’ आणि ‘यमुनाकाठ’ हे भाग योजले होते, लिहायचे राहून गेले. म्हणजे मुख्यमंत्रिपद आणि दिल्ली यांबद्दल त्यांची स्वतःची सलग कहाणी आपल्याकडे नाही, आणि प्रश्न १७ सारखे वाद म्हणूनच मिटत नाहीत.

कराडला प्रीतिसंगमावर समाधी आहे. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भिडतात, पावसाळ्यानंतर जा. ‘विरंगुळा’ हा बंगला आणि वेणूताईंच्या स्मारकातला त्यांचा ग्रंथसंग्रह चुकवू नका. पुस्तकं पाहिली की माणूस जास्त कळतो. वेळ असेल तर देवराष्ट्र्याचं जन्मघर आणि शेजारचं सागरेश्वर एका फेरीत होतं.

२२. परीक्षेत हमखास चुकतात अशा गोष्टी कोणत्या?

संरक्षणमंत्री झाले तेव्हा ते खासदार नव्हते. १९६३ मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून आले. साताऱ्याचे खासदार ते १९६७ पासून. म्हणून ‘पहिला लोकसभा मतदारसंघ’ विचारला तर नाशिक, सातारा नाही. विरोधी पक्षनेतेपद दोनदा होतं, १९७७-७८ मध्ये आणि पुन्हा जुलै १९७९ मध्ये काही दिवस. त्यांच्यानंतरचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक नव्हेत, कन्नमवार. आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं आहे, ते त्यांनी ‘स्थापन केलं’ असं उत्तर लिहून दरवर्षी बरीच मुलं गुण घालवतात.